समुद्र शहराच्या हद्दीबाहेर नाही

किनाऱ्यावरच्या छोट्या शहरांत नगरपरिषदेची निवडणूक लागली की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. नगरसेवक किंवा नगराध्यक्ष होऊ पाहणाऱ्याने मासेमारी, जेट्टी, प्रस्तावित बंदर, कांदळवन, किनाऱ्यावरील बांधकामाचे नियम किंवा परराज्यांतील ट्रॉलरांची घुसखोरी यांविषयी बोलू नये. गटारे, पथदिवे, नळाचे पाणी, कचरा आणि रस्ते एवढेच त्याचे काम असून जे त्याच्या हाती नाही त्याच्या नावावर मते मागणे ही मतदारांची फसवणूक आहे, असे या आक्षेपाचे स्वरूप असते. तो मांडणारे सगळेच कोणाचे हस्तक असतात असे समजण्याचे कारण नाही. निवृत्त शिक्षक, व्यापारी, डॉक्टर, शहराच्या बकालपणाला कंटाळलेले सुशिक्षित नागरिक हा आक्षेप मनापासून मांडतात, आणि पोकळ आश्वासनांचा त्यांना आलेला वीट अगदी खरा असतो. म्हणूनच या आक्षेपाला गांभीर्याने उत्तर देणे आवश्यक आहे. कारण तो मान्य केला, तर किनाऱ्यावरच्या माणसाला आपल्या जगण्याविषयी सार्वजनिकरीत्या बोलण्याची जी थोडी ठिकाणे उरली आहेत, त्यांतले सर्वांत जवळचे ठिकाण बंद होते.

आक्षेपातला कायदेशीर भाग निर्विवाद आहे. महाराष्ट्रात नगरपरिषदांचा कारभार १९६५च्या अधिनियमानुसार चालतो आणि त्यानुसार नगरपरिषदेला समुद्रात जाणारी एकही बोट अडवता येत नाही. प्रादेशिक समुद्र, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा, सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा, यातील मासेमारी हा राज्याचा विषय असून त्यासाठी १९८१चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, तर त्यापलीकडची मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत येते. लहान बंदरे आणि जेट्ट्या १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. किनाऱ्यावर काय बांधावे आणि काय बांधू नये, हे १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राने काढलेल्या सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना ठरवतात. ‘सीआरझेड’ म्हणून सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या या अधिसूचनांपैकी पहिली १९९१ची, दुसरी २०११ची आणि सध्याची २०१९ची आहे. कांदळवने वनखात्याच्या कक्षाकडे असतात आणि सरकारी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यात असते. एका मच्छीमार कुटुंबाचा दिवस अशा रीतीने पाच-सहा कार्यालयांत वाटला गेला आहे, आणि त्यांपैकी बहुतेक कार्यालये जिल्ह्याच्या ठिकाणी, मुंबईत किंवा दिल्लीत आहेत. नगरपरिषदेच्या वाट्याला उरते ते उरलेसुरले.

येथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो या वाटणीवरून काढलेल्या निष्कर्षापाशी. आक्षेपामागे दोन गृहीतके दडलेली आहेत: पहिले असे की अधिकारक्षेत्राची रेषा एकदाच आखली गेली असून ती राजकारणाच्या आधीची आहे, आणि दुसरे असे की निवडणूक म्हणजे कामांचा ठेका देण्याची पद्धत असून उमेदवार हा ठेकेदार असल्याने त्याने निविदेत नमूद केलेल्या कामांपुरतेच बोलावे. ही दोन्ही गृहीतके तपासाला टिकत नाहीत.

आधी नगरपरिषदेच्या स्वतःच्याच कामांकडे पाहिले, तरी समुद्र आणि शहर यांच्यातील भिंत कोसळते. कोकणातील आणि उत्तर किनाऱ्यावरील बहुतेक छोट्या शहरांत भुयारी गटार योजना एक तर नाही किंवा अपुरी आहे, त्यामुळे घराघरांतले सांडपाणी नाल्यांतून थेट खाडीत जाते. जी खाडी पालिकेच्या दृष्टीने सांडपाण्याचा शेवट असते, तीच मासळीच्या पिल्लांची वाढण्याची जागा आणि तिसऱ्या, कालवे, निवट्या काढून घर चालवणाऱ्या बायकांच्या रोजगाराचा आरंभ असते. शहराने न उचललेले प्लास्टिक ओहोटीबरोबर बाहेर जाते आणि डोल जाळ्यांत, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत, मासळीबरोबर परत येते. तेव्हा गटारांवर बोलायचे आणि समुद्रावर बोलायचे नाही, ही मागणी उमेदवाराला अर्धे वाक्य बोलून थांबायला सांगते.

मासळी बाजाराचेही तसेच आहे. ओटे, पाणी, बर्फ ठेवण्याची सोय, स्वच्छतागृह, सांडपाण्याचा निचरा या सर्व बाबी निःसंशय नगरपरिषदेच्या आहेत. टोपली घेऊन रस्त्याकडेला बसणारी मासळी विक्रेती ही २०१४च्या पथविक्रेता कायद्याच्या कक्षेत येते. या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती, म्हणजे विक्रीच्या जागा आणि परवाने यांविषयी निर्णयांत सहभागी होणारी समिती, नेमणे बंधनकारक असून तीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले आणि त्यांतील एकतृतीयांश महिला असल्या पाहिजेत. अधिकारक्षेत्राबाहेरचे बोलू नये असे उमेदवारांना बजावणाऱ्या किती जणांनी अधिकारक्षेत्रातल्या या समितीचा जाब मागितला आहे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. विकास आराखड्याचा विषय याहून मोठा. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराचा विकास आराखडा करणारे नियोजन प्राधिकरण सर्वसाधारणपणे नगरपरिषद असते. बोंबील वाळवण्याची जागा, जाळी विणण्याचा आणि दुरुस्तीचा पट्टा, होड्या ओढून ठेवण्याची वाळू या जागांना सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर अनेकदा कोणाचेच नाव नसते, आणि नकाशावर त्या मोकळ्या दिसतात. मोकळी दिसणारी जागा पुढे वाहनतळासाठी, उद्यानासाठी किंवा पर्यटन संकुलासाठी राखीव होते. ती जागा मोकळी नसून वापरात आहे, हे आराखड्याच्या वेळी हरकत घेऊन सांगणारा लोकप्रतिनिधी हवा असेल, तर त्याने हा प्रश्न प्रचारात मांडणे अपरिहार्य आहे.

आता घटनेकडे वळता येईल. १९९२ साली संसदेने मंजूर केलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी अनुक्रमे पंचायती आणि नगरपालिका यांना घटनात्मक स्थान दिले आणि दोहोंसाठी विषयांच्या दोन याद्या घटनेला जोडल्या. पंचायतींची अकरावी अनुसूची २९ विषयांची आहे आणि नगरपालिकांची बारावी अनुसूची १८ विषयांची. अकराव्या अनुसूचीत ‘मत्स्यव्यवसाय’ हा पाचवा विषय आहे. बाराव्या अनुसूचीत तो नाही. याचा अर्थ असा की एखादे मच्छीमारी गाव ग्रामपंचायत असेपर्यंत घटनेच्या दृष्टीने मासेमारी हा त्या गावाच्या स्वराज्य संस्थेकडे सोपवता येण्याजोगा विषय असतो, आणि तेच गाव नगरपंचायत झाले की तो विषय यादीतून गळतो. देवगड-जामसंडेसारखी बंदराची गावे गेल्या दशकात नगरपंचायती झाली. तेथल्या होड्या, जाळी, लिलाव, बर्फ कारखाने, वाऱ्यापावसाची चिंता यांत त्या दिवशी काहीही बदलले नव्हते. बदलली ती फक्त यादी. शिवाय गाव शहर झाले की ग्रामसभाही जाते. मतदारांनी स्वतः एकत्र बसून प्रश्न विचारावेत, ठराव करावेत असे ते व्यासपीठ नाहीसे होते, आणि त्याची जागा भरू शकणाऱ्या प्रभाग समित्या घटनेने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठीच अनिवार्य केल्या आहेत. किनाऱ्यावरची बहुतेक शहरे त्या आकड्याच्या आसपासही नाहीत. म्हणजे ज्या क्षणी मच्छीमार शहरवासी होतो, त्या क्षणी त्याचा व्यवसाय स्थानिक संस्थेच्या यादीतून आणि तो स्वतः सभेतून बाहेर पडतो. अशा स्थितीत निवडणुकीचा प्रचार ही त्या शहरातील लोकांची एकमेव सर्वसाधारण सभा उरते. तीत समुद्राचा विषय काढू नका, असे सांगणे म्हणजे तो विषय कोठेच काढू नका असे सांगण्यासारखे आहे.

यावर असे म्हटले जाईल की घटनेने तो विषय दिलेला नसेल, तर तो मागण्याची जागा विधानसभा आहे. हे उत्तर इतिहासाशी जुळत नाही. समुद्रातील मासेमारीचे नियमन करणारे आजचे राज्य कायदे आधी अस्तित्वात आले आणि मग लोक त्यांविषयी बोलू लागले, असे घडलेले नाही. क्रम नेमका उलटा आहे. गोव्यात यांत्रिक ट्रॉलरांना प्रोत्साहन मिळू लागल्यावर रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढायच्या लांब जाळ्याने मासेमारी करणाऱ्यांची, उपासमार होऊ लागली, आणि १९७०च्या दशकात त्यांनी किनाऱ्याजवळचा समुद्र आपल्यासाठी राखून ठेवावा अशी मागणी लावून धरली. माथानी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक. ते या लढ्याचे नेते झाले, पुढे आमदार आणि मंत्रीही झाले. त्या वेळी किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवणारा कायदा गोव्यात नव्हता, म्हणून आजच्या आक्षेपकांच्या न्यायाने ती मागणी कोणाच्याच अधिकारक्षेत्रात बसत नव्हती. १९८० साली गोवा, दमण व दीवसाठी आणि केरळसाठी सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले, आणि १९८१ साली महाराष्ट्राचा. ज्या कायद्याकडे बोट दाखवून आज नगरसेवकाला गप्प बसवले जाते, त्या प्रकारचा कायदाच मुळी किनाऱ्यावरच्या माणसांनी आपल्या हद्दीबाहेरचे बोलण्याचे धाडस केल्यामुळे जन्माला आला. अधिकारक्षेत्र हे राजकारणाचे फलित असते. राजकारण सुरू करण्यासाठी ते आधी हाती असावे लागते, अशी अट कोणत्याही लोकशाहीने घातलेली नाही.

कोकणच्या नगरपालिकांच्या इतिहासात याहून ठळक दाखला आहे, आणि तो मराठी वाचकाला ठाऊकही आहे, मात्र नगरपालिकेच्या अंगाने त्याचा विचार क्वचित होतो. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झाला, आणि सावित्रीच्या खाडीवरील महाड या जुन्या बंदराच्या नगरपालिकेने १९२४ साली आपल्या अखत्यारीतील ठिकाणे खुली करण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो रद्द केला. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला तो १९३७ साली. पाणी हा नगरपालिकेच्या कामांतला सर्वांत निरुपद्रवी, सर्वांत ‘अराजकीय’ विषय समजला जातो. पण त्या एका नगरपालिकेच्या एका ठरावात आणि त्याच्या माघारीत एका समाजरचनेचा सगळा पाया उघडा पडला. स्थानिक ठरावाला किंमत नसती, तर तो रद्द करण्याची घाई कोणाला झाली नसती. ठराव हा न्यायालयात पुरावा होतो, विधिमंडळात आधार होतो आणि जे बोलले गेले ते नाकारता येऊ नये म्हणून नोंद होतो. नगरपरिषदेने बंदराविषयी, पर्ससीन जाळ्यांविषयी किंवा कोळीवाड्याच्या सीमांकनाविषयी केलेला ठराव बंधनकारक नसतो, हे खरेच. पण बंधनकारक नसणे आणि निरर्थक असणे या दोन गोष्टी एक मानणे ही मोठी चूक आहे.

आक्षेपाची खरी कसोटी पाहायची असेल, तर डहाणूकडे पाहावे लागेल. तेथील औष्णिक वीजप्रकल्पाला विरोध झाल्यानंतर केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला आणि तालुक्यातील उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे जानेवारी २०१९पर्यंत, ते या प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव अमान्य केला, आणि वीजप्रकल्पात गंधकवायू शोषणारे संयंत्र अखेर बसले तेही त्याच्याच पाठपुराव्याने. पुढे बंदराचा प्रस्ताव नव्याने आला. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांचा ७४ आणि २६ टक्के वाटा असलेल्या या प्रकल्पाला ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने सशर्त परवानगी दिली, जानेवारी २०२४मध्ये पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकला जाणार आहे. हा खडकाळ, उथळ समुद्र शेवंड, घोळ, दाढा अशा मासळीसाठी ओळखला जातो, आणि सातपाटीपासून झाईपर्यंतच्या मांगेला, माच्छी, वैती आणि कोळी मच्छीमारांची रोजची ये-जा त्यातून होते.

वाढवण हे गाव डहाणू नगरपरिषदेच्या हद्दीत नाही. आक्षेपकांच्या मते प्रश्न येथेच मिटतो. वस्तुतः तो येथे सुरू होतो. भरावाने प्रवाह बदलला तर डहाणूच्या खाडीत गाळ कोठे साचेल, बंदराच्या वाहतुकीसाठी लागणारे रस्ते कोणत्या वस्त्यांना चिकटून जातील, कामासाठी येणाऱ्या हजारो माणसांना घरे, पाणी आणि रुग्णालयातील खाटा कोण पुरवणार, भाडी किती वाढणार, कचरा कोठे जाणार, या प्रश्नांपैकी एकही प्रश्न नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरचा नाही. बंदराच्या बाजूने असणाऱ्या उमेदवारालाही हे प्रश्न टाळता येणार नाहीत; रोजगार येईल असे त्याचे म्हणणे असेल, तर तो कोणाला, कोणत्या कौशल्यावर आणि किती काळ मिळेल, हे त्याने सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा आग्रह बंदराच्या विरोधकांनाच बोलू द्यावे असा नाही. दोन्ही बाजूंच्या उमेदवारांनी त्यावर बोलणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असा तो आहे.

येथे एक कालक्रम ध्यानात घेतला पाहिजे. डहाणू नगरपरिषदेचे सभागृह २०१७च्या अखेरीस निवडले गेले होते, आणि सभागृहाची मुदत ५ वर्षांची असते. मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात रेंगाळल्याने महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांच्या निवडणुका खोळंबल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी त्या घेण्याचा आदेश दिला, आणि राज्यातील नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाले. मधल्या काळात कारभार प्रशासकांच्या हाती होता. प्राधिकरणाची परवानगी, जनसुनावणी, मंत्रिमंडळाची मंजुरी आणि पायाभरणी हे चारही टप्पे ज्या काळात पार पडले, त्या काळात तालुक्याच्या या शहराला निवडून आलेले सभागृहच नव्हते. स्थानिक कारभार राजकारणापासून मुक्त असावा, असे ज्यांना वाटते त्यांच्यासमोर तसा कारभार जवळपास तीन वर्षे प्रत्यक्ष चालला. त्या वर्षांत शहराच्या वतीने एखादी भूमिका अधिकृतपणे मांडू शकेल असे शहराने निवडलेले कोणी नव्हते, आणि अराजकीय कारभाराचे यापेक्षा स्वच्छ मोजमाप मिळणार नाही.

डहाणूची आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. हा तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र, म्हणजे आदिवासींच्या हितासाठी विशेष तरतुदी असलेले क्षेत्र आहे. अशा क्षेत्रातील गावांना १९९६च्या ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेचे व्यापक अधिकार दिले. शहरांसाठी मात्र तसा कायदा झालाच नाही; त्यासाठीचे विधेयक २००१ साली संसदेत मांडले गेले आणि तेथेच राहिले, आणि घटनेचा नगरपालिकाविषयक भाग संसदेने तसा कायदा केल्याशिवाय अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. शेजारच्या गावातील वारली कुटुंबाला ग्रामसभेत जो आवाज आहे, तो शहराच्या हद्दीतील वारली किंवा मांगेला कुटुंबाला नाही. प्रचाराची सभा हा त्याचा मर्यादित, सदोष, पाच वर्षांतून एकदाच मिळणारा पर्याय आहे, आणि तोही गटारे व दिव्यांपुरता राखून ठेवावा असे म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. मच्छीमारांचे प्रश्न मांडणे म्हणजे एका समाजाचे राजकारण करणे आणि शहर जातीजातींत वाटणे, असे म्हटले जाते. हा आरोप किनाऱ्याच्या अर्थव्यवस्थेविषयीच्या अज्ञानातून येतो. मालवण आणि त्याच्या आसपासचा पर्ससीनचा वाद याचे उत्तम उदाहरण आहे. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखे उभे टाकून तळाची दोरी आवळत संपूर्ण थवा एकाच वेळी उचलणारे जाळे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६मध्ये त्यावर हंगामाची आणि क्षेत्राची कडक बंधने घातली, आणि पुढच्या वर्षी केंद्राने दिव्यांच्या झोतात केल्या जाणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली. या संघर्षात दोन्ही बाजूंना मच्छीमार होते, आणि पुष्कळदा एकाच समाजाचे. रेषा जातीवरून ओढलेली नव्हती, ती भांडवल, यंत्रशक्ती आणि जाळ्याच्या प्रकारावरून ओढलेली होती. रापणीची पद्धत पाहिली की हे आणखी स्पष्ट होते, कारण तेथे जाळे ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, आणि हंगामात मासळी आली नाही तर किराणा दुकानदाराची उधारी वसूल होत नाही, रिक्षावाल्याला भाडे मिळत नाही, शाळेची फी थकते. मासळीवर उभे असलेले शहर मासळीच्या प्रश्नावर बोलते तेव्हा ते एका समाजाविषयी नव्हे, स्वतःविषयी बोलत असते. समाजाच्या नावावर केवळ आडनावाचे भांडवल करणारे उमेदवार असतात, हे खरे आहे; पण त्यांची ओळख पटवण्याचा मार्गही हाच आहे की त्यांना जाळ्यांविषयी, हंगामाविषयी, डिझेलच्या परताव्याविषयी नेमके प्रश्न विचारावेत. आडनावावर मते मागणाऱ्याला अशा प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.

बिनविरोध निवडणुकीचा आग्रह धरणाऱ्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. एकोप्याच्या नावाखाली ज्या ठिकाणी लढतच होत नाही, त्या ठिकाणी बहुधा ज्यांना बोलायचे असते त्यांनाच माघार घ्यावी लागते.

आता आक्षेपातील जो भाग मान्य केलाच पाहिजे तो. उमेदवार खोटी आश्वासने देतात. ‘निवडून आलो तर बंदर रद्द करीन’, ‘सीआरझेड हटवून दाखवीन’, ‘ट्रॉलर एकाही दिवशी दिसणार नाहीत’ अशी वाक्ये किनाऱ्यावरच्या प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतात आणि ती असत्य असतात. त्यांतही सीआरझेड हटवण्याचे आश्वासन विशेष घातक आहे. कोळीवाड्यातील घराची दुरुस्ती परवानगीअभावी अडकते, म्हणून या नियमांवर मच्छीमाराचा राग असणे स्वाभाविक आहे. पण नियम सैल झाले की पहिला लाभ त्याच्या घराला न होता त्याच्या शेजारच्या मोक्याच्या जमिनीला होतो, हे त्याला सांगणारा कोणी नसतो. मच्छीमार वसाहतींच्या दीर्घकालीन घरांच्या गरजांचा आराखडा राज्याने करावा, अशी अपेक्षा २०११च्या अधिसूचनेतच होती. त्या आराखड्याचे आणि कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे काय झाले, हे विचारणारा उमेदवार सीआरझेड हटवण्याची घोषणा देणाऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे. असत्य आश्वासनावर उपाय विषयबंदी हा होत नाही. वैद्यकातील फसवेगिरी थांबवण्यासाठी आजाराविषयी बोलणे बंद केले जात नाही.

मतदाराने उमेदवाराकडे जे मागायचे ते नेमके आणि तपासता येण्याजोगे असू शकते. जे नगरपरिषदेच्या हाती आहे त्याची तारीख मागावी: मासळी बाजाराच्या ओट्यांचे वाटप, पथविक्रेता समितीची निवडणूक, खाडीत जाणाऱ्या नाल्यांवर प्रक्रिया, विकास आराखड्यात वाळवणाच्या जागांची नोंद. जे नगरपरिषदेच्या हाती नाही त्याबाबत कृतीचे स्वरूप मागावे: कोणत्या विषयावर पहिल्या सहा महिन्यांत ठराव मांडला जाईल, किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या मसुद्यावर शहराच्या वतीने कोणत्या हरकती नोंदवल्या जातील, पुढच्या जनसुनावणीची कागदपत्रे मराठीतून आणि वेळेत वस्तीत पोहोचवण्याची जबाबदारी कोण घेईल, मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्यांना सभागृहात निमंत्रण देऊन प्रश्न विचारले जातील का. या मागण्यांपैकी एकीसाठीही कायदा बदलावा लागत नाही. त्यांसाठी लागते ते विषयपत्रिकेवर समुद्राचे नाव लिहिण्याची तयारी असलेले सभागृह. राज्यातल्या नगरपरिषदांत लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात येत असताना, किनाऱ्यावरच्या शहरांच्या पहिल्या काही सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते या दृष्टीने वाचली गेली पाहिजेत, आणि ज्या शहरांत त्यांत समुद्राचा उल्लेख सापडणार नाही, तेथे तो का नाही याचे उत्तर निवडून आलेल्यांइतकेच त्यांना गप्प राहण्याचा सल्ला देणाऱ्यांनीही दिले पाहिजे.